यात काहीच होत नाही रे!

हॉस्टेलवर एखाद्या संथ चित्रपटाला मिळणारा हा ठरलेला शेरा. त्यातून चित्रपट सीरियल किलरवरचा असेल तर विचारायलाच नको! आपल्याला सवय असते ती हुशार, संगीताची जाण असलेल्या, थंड डोळ्यांच्या खुन्याची. डॉ. हॅनिबल लेक्टर हा त्यांचा मेरुमणी. पण मित्रहो, तो कादंबरीतला माणूस आहे. खऱ्या खुन्यांवर, कमी पैशांत आणि आवाज न चढवता काढलेले जे थोडे चित्रपट आहेत, ते मला जास्त खरे वाटतात. आणि आपल्यासारख्या चार भिंतींत एकत्र राहणाऱ्यांनी तर ते बघायलाच हवेत.

२०११ चा 'स्नोटाउन' घ्या. ऑस्ट्रेलियाच्या जस्टिन कुर्झेलचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९२ ते १९९९ या काळात ॲडलेडच्या परिसरात झालेल्या खुनांवर तो बेतलेला आहे. १९९९ च्या मे महिन्यात स्नोटाउन या लहानशा गावातल्या बंद पडलेल्या बँकेत पोलिसांना पिंपं सापडली. त्यांत आठ मृतदेह होते. मसालेवाल्याने इथूनच सुरुवात केली असती. कुर्झेल मात्र आपल्याला एका गरीब वस्तीतल्या घरात नेऊन बसवतो. एकटी आई, तिची मुलं आणि त्या मुलांशी घाणेरडं वागलेला शेजारी. अशा घरात जॉन बंटिंग येतो. हसतमुख, कामसू, सगळ्यांना खाऊपिऊ घालणारा. त्या शेजाऱ्याला तो हुसकावून लावतो. सोळा वर्षांच्या जेमीला पहिल्यांदाच कुणीतरी वडीलधारं मिळतं. खरं सांगू? पहिला अर्धा तास आपल्यालाही जॉन आवडतो!

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती गप्पा रंगतात. अशा नालायक लोकांचं काय करायला पाहिजे, हा विषय. प्रत्येक जण एक पायरी वर चढून बोलतो, जॉन फक्त काडी टाकत राहतो. मला या चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग हाच वाटला, कारण त्यात रक्ताचा थेंबही नाही. न्हाणीघरातला एक असह्य प्रसंग सोडला तर बरीचशी हिंसा दाराआडच राहते. 'नालायक' ही व्याख्या मात्र हळूहळू रुंदावत जाते. प्रत्यक्षातही बळींमध्ये मतिमंद, आजारी, एकटी माणसं होती आणि मेलेल्यांचे सरकारी भत्ते खुनी उचलत राहिले. समाजसेवा कसली नि काय!

'माय फ्रेंड डॅमर' (२०१७) याच्या उलट बाजूने येतो. अमेरिकेत १९७८ ते १९९१ दरम्यान सतरा जणांना मारणाऱ्या जेफ्री डॅमरची शाळेतली वर्षं त्यात आहेत. त्याच्या एका वर्गमित्राने काढलेल्या चित्रकथेवर तो बेतलेला आहे. मुलगा शाळेच्या वेळात दारू पितो, कुणा शिक्षकाच्या लक्षात येत नाही. मुलं त्याला विदूषक करून मजा लुटतात. पहिल्या खुनाच्या उंबरठ्यावर चित्रपट थांबतो. याचा अर्थ एकटा राहणारा प्रत्येक मुलगा खुनी होतो असा अजिबात नाही! प्रश्न आजूबाजूच्यांचा आहे.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणून सुटका नाही. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाने पुणं हादरलं होतं. आरोपी कमर्शियल आर्ट शिकणारे कॉलेजकुमार, पहिला बळी त्यांच्याच वर्गातला. एकूण दहा खून. चौघांना १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली, एक जण माफीचा साक्षीदार झाला. इथेही एकटा राक्षस नव्हता, ग्रुप होता.

आता आक्षेप. असे चित्रपट खुन्याबद्दल सहानुभूती निर्माण करतात असं म्हणतात. मला ते पटत नाही. जॉन माणूस आहे हे कळल्यावर तो क्षम्य होत नाही, उलट जास्त दोषी ठरतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: मेलेल्यांचं काय? २०२२ मध्ये डॅमरवर मोठी मालिका आली, तेव्हा बळींच्या काही नातेवाइकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. 'स्नोटाउन'मध्येही बरेच बळी आपल्याला धड ओळखीचे होत नाहीत. संयमी चित्रपटाचीही ही उणीवच, ती कबूल केली पाहिजे.

तरीही बघा. आणि बघताना जॉनकडे कमी, टेबलाभोवती बसलेल्यांकडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडेही रात्री रूमवर मैफल जमते, कुणीतरी एक जण विषय काढतो, 'त्याला एकदा धडा शिकवलाच पाहिजे' आणि बाकीचे हसतात. तिथे खून होणार नसतो, हे मान्य. पण 'बास कर, झोपा आता' म्हणणारा एक जण त्या खोलीत असावा, एवढं तरी आपल्या हातात आहे की नाही?