झेपंल का, हे विचारणारे तुम्ही कोण?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत सल्लागारांचं पीक येतं. पोराला आयटीआयला घाला, पोरीला नर्सिंगला धाडा, लईच झालं तर बी.ए. करून एमपीएससीला बसवा. फिजिक्सचं नाव काढलं की सगळे गप. मग कुणीतरी हळूच विचारतं, "झेपंल का?" पांढरपेशांच्या घरात हा प्रश्न निघत नाही. तिथं विचारतात, "आवडतंय का?"

मी सोलापुरातच बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं. पहिल्या वर्षी एका सरांनी हाच प्रश्न केला, तोही भरल्या वर्गात फक्त आम्हा चौघांना. चौघांची आडनावं सांगायची गरज आहे का? यंदा फॉर्म भरायला बसलेल्या पोरापोरींनो, म्हणून तुमच्याशी रोखठोक बोलायचंय.

आधी हिशेब. नुसत्या बी.एस्सी. फिजिक्सवर गावात नोकरी वाट बघत उभी नसते. खोटं कशाला सांगू? तीन वर्षं पदवी, वर दोन वर्षं एम.एस्सी. शाळेत शिकवायचं तर बी.एड., कॉलेजात शिकवायचं तर नेट-सेट, संशोधन करायचं तर पुढं आणखी चार-पाच वर्षं. गिरण्यांचे भोंगे कधीच बंद पडलेत. आई विड्या वळते, बाप मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतो. त्या घरानं कमावत्या पोराशिवाय एवढी वर्षं काढायची हे खायचं काम नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, पण ती उशिरा आली तर मेसवाला थांबत नाही. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. तिथवर तगायचं कसं, ते घरच्यांबरोबर बसून, कागदावर आकडे मांडून ठरवा. एक सोय मात्र झालीय. २००४ पर्यंत इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता विद्यापीठ सोलापुरातच आहे, एम.एस्सी.साठी गाव सोडावं लागत नाही.

नवं शैक्षणिक धोरण आलंय. 'मेजर' विषय निवडायचा, जोडीला 'मायनर'. एका वर्षानं बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. दार उघडं ठेवलंय म्हणतात. बाहेर जायचं दार कुणासाठी उघडं असतं, हे आपल्याला नव्यानं शिकवायला नको. मेजर फिजिक्स घेतलंत तर पदवी हातात येईपर्यंत त्या दाराकडं बघायचं नाही. आणि जमलं तर मायनर गणितच घ्या. गणिताशिवाय फिजिक्स म्हणजे धोट्याशिवाय माग.

आता दुसरा हिशेब, जो कुणी सांगत नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेश-आरक्षणाचा २००६ चा कायदा काढून वाचा. त्याच्या शेवटी काही संस्थांची यादी आहे, ज्यांना हे आरक्षण लागू नाही. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. २०१९ साली शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा झाला, त्यातही तशीच सूट. कारण काय, तर म्हणे या उत्कृष्टतेच्या संस्था. म्हणजे उत्कृष्टता आणि आपण एका पंगतीला बसत नाही, हे संसदेनंच लिहून दिलं. फिजिक्सच्या शिडीच्या वरच्या पायऱ्या अशा राखलेल्या आहेत. हे ठाऊक असूनच शिडीला हात घाला.

पंगतीवरून मेघनाद साहा आठवतात. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा मुलगा. अस्पृश्य नव्हे, पण सवर्णांच्या लेखी हलकाच. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलात वरच्या जातीच्या पोरांना तो जेवायला शेजारी चालला नाही. त्याच साहांनी १९२० साली एक समीकरण मांडलं आणि ताऱ्याच्या प्रकाशावरून ताऱ्याचं तापमान काढायची वाट जगाला मिळाली. ताटाला ताट लागू न देणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

आणि सावलीचं घ्या. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या सावलीचा विटाळ व्हायचा. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते नोंदवून ठेवलंय. सावली म्हणजे काय? उजेड सरळ रेषेत जातो, वाटेत शरीर आलं की मागं तो पोचत नाही. बस्स, एवढंच. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकेक दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. बामणाची जाते, महारामांगाचीही जाते. मेच्या त्या उन्हात वस्तीत एक काठी सरळ रोवा आणि पोरांना दाखवा. विटाळाविरुद्ध शंभर भाषणं झाली. ही गोष्ट मात्र पोरांना स्वतः मोजून बघता येते. आपल्याला फिजिक्स कशाला पाहिजे, तर यासाठी.

तेव्हा विषय आवडत असेल तर घ्या, निधड्या छातीनं घ्या. नसेल आवडत, तर कुणाला दाखवून द्यायला म्हणून घेऊ नका. कायदा, इतिहास, नर्सिंग हीसुद्धा आपलीच रणांगणं आहेत. फक्त भीतीपोटी सोडू नका.

आणि दोस्तांनो, सगळा भार त्या एकट्या पोरावर टाकून चळवळीला मोकळं होता येणार नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली याच सोलापुरात वसतिगृह काढलं, तेव्हा आपल्या लोकांकडं काय होतं? आज जयंतीला एका रात्रीच्या डॉल्बीवर आपण किती उडवतो, त्याचा आकडा प्रत्येक मंडळानं एकदा फळ्यावर लिहावा. त्यातला निम्मा पैसा वस्तीतल्या विज्ञानाच्या पोरापोरींच्या मेसला, पुस्तकांना, गणिताच्या शिकवणीला द्यावा. शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून आपलं एकही पोर दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून यार्डात पोतं उचलायला जाता कामा नये. येत्या जयंतीच्या बैठकीत पहिला विषय हा घ्या, मिरवणुकीचं मग बघू.