न बोलणाऱ्या खेळाची समीक्षा

व्हिडिओ गेमवर अख्खा अंक कशाला, असं काही वाचक विचारतील. घरोघरी मोबाइलवर गेम खेळले जातात. मराठीत मात्र त्यांच्यावर लिहिलं जातं ते बहुतेक व्यसनापुरतं आणि मुलांच्या डोळ्यांपुरतं. कलाकृती म्हणून त्यांची दखल घ्यायची वेळ आली आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्यासाठी आम्ही ‘लिम्बो’ निवडला. कोपनहेगनच्या प्लेडेड स्टुडिओचा, आर्न्ट येन्सन यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ २०१० साली आला. सगळं काळं-करडं, आपण चालवतो त्या मुलाचे तेवढे डोळे पांढरे. संवाद नाही, सूचना नाही. एक महाकाय कोळी वाट अडवतो. झाडावरून पडलेला सापळा त्याच्या पायाखाली सरकवायचा असतो, पण हे कुणी सांगत नाही. मुलगा मरतो आणि आपण शिकतो.

समीक्षकांनी या वातावरणाची भरभरून स्तुती केली. काहींना मात्र काही तासांत संपणाऱ्या खेळाची किंमत जास्त वाटली. ही मोजणी आम्हाला पटत नाही. कथेला आपण पानं मोजून दाद देतो का? शेवट तुटक आहे, या तक्रारीत मात्र तथ्य असावं. त्यावर आमच्यातच एकमत झालं नाही, आणि अंकातले लेखही याच वादाभोवती फिरतात.

तुम्ही हा खेळ खेळला असाल, तर शेवटी दिसणारी मुलगी दचकते आणि पडदा काळा होतो, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आम्हाला जरूर लिहा. न खेळलेल्यांचे आक्षेपही छापू.