इकडे ये!

“मोत्याऽऽ, इकडे ये!” असं मी ओरडलो, की कॉलनीतली तीन माणसं आपापल्या गॅलरीत येतात, एक मांजर कुंपणावर येतं आणि समोरचे अण्णा फाटक उघडून थेट आमच्या अंगणात येतात. येत नाही तो फक्त मोत्या.

अण्णा येतात ते सल्ला द्यायला. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. हातातली छडी सुटली, तरी मनगट अजून तयार आहे. “दोन रट्टे द्या. कुत्रं काय न् पोर काय, धाकाशिवाय वळणावर येत नाही,” हा त्यांचा सिद्धान्त. माझं भांडण या सिद्धान्ताशी आहे. अण्णांशी नाही, आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

मोत्या आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. मी न्हाणीघरात गेलो तरी दाराबाहेर बसून राहायचा. हा माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, अशी माझी समजूत झाली. बँकेत बावीस वर्षांत जो प्रभाव शिपायावरही पडला नाही, तो दीड वीत लांबीच्या प्राण्यावर पडला, याचा मला अभिमान वाटला. खरी गोष्ट अशी, की त्या वयात पिल्लाला एकटेपणाची भीती वाटते, म्हणून ते माणसाला चिकटून असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्याला धीर येतो, जग दिसू लागतं. आणि जगात माझ्यापेक्षा चांगला वास येणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत.

नेमक्या त्या दिवसांत मी “इकडे ये” कशासाठी म्हणत होतो? एकदा मी सवयीप्रमाणे खतावणी मांडली. सोमवारी बोलावलं ते आंघोळीसाठी. मंगळवारी, चप्पल चावल्याचा जाब विचारायला. गुरुवारी इंजेक्शनसाठी. शुक्रवारी खेळ रंगात आला असताना साखळी अडकवायला. आणि रविवारी, दहा हाकांनंतर एकदाचा आला, तेव्हा “इतका वेळ कुठं होतास?” म्हणून चापट. माझ्या मते ती चापट उशिरा येण्याबद्दल होती. पण कुत्रं चापटीचा संबंध तिच्या लगेच आधीच्या नोंदीशी जोडतं, आणि ती नोंद होती ‘आलो’ अशी!

मग गेल्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ. फाटक उघडं राहिलं. मोत्या रस्त्याच्या कडेला, आणि वळणावरून टेम्पो. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “इकडे ये!” तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. शेपूट खाली गेलं, आणि तो माझ्यापासून दूर, म्हणजे रस्त्याच्या मधोमध धावला. ब्रेक लागले म्हणून मोत्या आहे. टेम्पोवाला मला जे बोलला ते छापता येणार नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मोत्या बहिरा नव्हता की बेशिस्त नव्हता. मी आयुष्यात एकदा खराखुरा चेक फाडला होता, आणि या खात्यात शिल्लक नसते हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

आपल्याकडं चेक न वटणं हा १९८९ पासून गुन्हा आहे. कलम १३८, आज दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाक वटत नसेल तर मात्र शिक्षा चेक घेणाऱ्याला! हा कुठला न्याय?

जुनं खातं मी बंद केलं. ‘इकडे ये’ हे शब्द मोत्याच्या दृष्टीनं नासले होते, म्हणून नवा शब्द घेतला: “शेठ!” पहिल्या दिवशी घरातल्या घरात, दोन पावलांवरून. हाक एकदाच. आला, की त्याच क्षणी शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा, आणि पुन्हा खेळायला मोकळा. मग अंगण. मग मैदानावर तीस फुटी दोरी बांधून, आजूबाजूला क्रिकेट चालू असताना. आंघोळीसाठी हाक मारायची नाही. आपण जाऊन उचलून आणायचं. आणि पळाला तर मागं धावायचं नाही, उलट्या दिशेनं धावायचं, म्हणजे तोच मागं येतो. कुत्र्यामागं धावून ज्यांचं भलं झालं ते एकटे नामदेव महाराज. त्यांच्या हातात तुपाची वाटी होती. आपल्या हातात साखळी असते.

“ही लाच झाली,” अण्णा म्हणाले.

अण्णा, लाच काम होण्याआधी दाखवतात. काम झाल्यावर देतात त्याला पगार म्हणतात. पेन्शन एक दिवस उशिरा जमा झाली तर आपण काउंटरवर किती आवाज चढवता, ते मी आतल्या बाजूनं ऐकलेलं आहे. धाकानं कुत्रं येतं हे मला मान्य आहे. पण साखळी असेपर्यंत. मोकळ्या कुत्र्यावर धाक चालत नाही आणि टेम्पो नेमका तेव्हाच येतो.

हे सगळं मला कळायला हवं होतं. वडिलांनी “जरा इकडे ये” म्हटलं की मी आधी प्रगतिपुस्तक आठवायचो. “साहेबांनी बोलावलंय,” असं शिपाई म्हणाला की आजही आधी चूक आठवतो. परवा चिरंजिवांना हाक मारली, तर आतून प्रश्न आला, “मी काय केलं?” चौदा वर्षांचा मुलगा. चेक न उघडताच परत.

“काही नाही, आंबा कापलाय,” मी म्हटलं. तो आला, पण दारातच उभा राहिला. फोडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग बसला. शाळेचा विषय मी काढला नाही. फार जड गेलं.

मोत्या आता “शेठ” म्हटलं की धावत येतो. अण्णाही येतात. परवा त्यांनी पनीरचा भाव विचारला.