थार दारात येण्याआधी



दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेजारच्या गल्लीतील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवलेले. मुलगा एका कंपनीत ड्रायव्हर आहे. त्याच्या हातात थार गाडीचे रंगीत माहितीपत्रक होते. ‘काका, नवीन मॉडेल आलंय. बाबांनी थोडे पैसे टाकले की बाकीचं कर्ज होतंय. तुम्ही जरा बाबांना सांगा,’ असे तो म्हणाला. वडील बराच वेळ गप्प होते. उठताना एवढेच म्हणाले, ‘भाऊ, गाडीला माझी ना नाही. पण हे पैसे काही पुन्हा मिळायचे नाहीत.’

त्यांचे हे बोलणे आमच्या मनातून जाईना. गाडी घेऊ नका, असे सांगण्यासाठी आम्ही आज लिहीत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलगाडीमागून पायी वाट तुडवली, त्यांच्या मुलांनी चारचाकीत बसावे, यासारखा आनंद नाही. आमचे म्हणणे इतकेच की शोरूममधील दिव्यांच्या झगमगाटात सही करण्याआधी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. त्या कोणत्या, ते आज मांडतो.

नवी म्हणजे किती नवी?

‘नवे मॉडेल’ हा शब्द फसवा आहे. कधी सगळी गाडीच नवी असते, तर कधी फक्त वरचा साज बदलतो. आपल्या नाशिकला तयार होणाऱ्या थारचेच उदाहरण घ्या. पहिली थार २०१० साली आली. तिच्या मागच्या चाकांवर जुन्या जीपसारखे पाटे होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली थार मुळापासून नवी होती. सांगाडा नवा, इंजिने नवी आणि मागे पाट्यांच्या जागी स्प्रिंगा. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन दारांच्या थारमध्ये जे बदल झाले, ते मात्र सोयीचे होते. मागे बसणाऱ्यांसाठी एसीची हवा आली, काचांची बटणे दारावर आली, समोरचा पडदा मोठा झाला. इंजिने तीच राहिली.

हे ओळखायचे कशासाठी? साज बदलला असेल तर आतली यंत्रे चार-पाच वर्षे रस्त्यावर तपासली गेलेली असतात. यंत्रच नवे असेल तर पहिल्या काही महिन्यांतील गाड्यांत उणिवा निघण्याची शक्यता अधिक असते. २०२० च्या नव्या थारच्या बाबतीत असे घडले होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात तयार झालेल्या १,५७७ डिझेल गाड्या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये तपासणीसाठी परत बोलावल्या. इंजिनातील कॅमशाफ्टमध्ये दोष असण्याची शक्यता होती. कंपनीने दोष झाकला नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्याची रोजची भाकरी गाडीवर आहे, त्याला गाडी चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहणेही परवडत नाही. म्हणून यंत्र मुळापासून बदललेले असेल तर सहा महिने ते वर्षभर थांबावे. गाडी घेतल्यावरही चेसिस नंबर देऊन विचारावे, की ही गाडी कधी परत बोलावली गेली आहे काय?

चारही चाके ओढतात का?

सर्वांत मोठी गफलत इथे होते. बाहेरून दोन थार अगदी सारख्या दिसतात, पण एकीत चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो आणि दुसरीत फक्त मागच्या दोन चाकांना. २०२० साली नवी थार आली तेव्हा सगळ्या गाड्या फोर-बाय-फोर होत्या. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थारही मिळू लागली. माहितीपत्रकावरचा ‘पासून पुढे’ असा आकर्षक भाव बहुधा तिचाच असतो. चित्रात मात्र फोर-बाय-फोर गाडी चिखलातून वर येताना दाखवलेली असते.

फोर-बाय-फोर गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो. त्याने चारही चाके जोडता येतात आणि ‘लो’ घालता येतो. लोमध्ये गाडी अगदी हळू चालते, पण ताकद वाढते. खडी चढण, गाळ आणि दगडधोंडे यांच्यासाठी ही सोय आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र या दांड्याने चारही चाके जोडू नयेत. वळण घेताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत, त्यामुळे आतल्या दांड्यांवर आणि गिअरांवर ताण येतो. गाडी पाहायला गेलात तर हा दांडा तुमच्यासमोर घालून-काढून दाखवायला सांगा. दांडाच नसेल, तर उत्तर तुम्हाला मिळालेच!

मग आपल्याला कोणती हवी? ज्याचे गाव डोंगरात आहे, शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे आहेत आणि पावसात घसरण होते, त्याने फोर-बाय-फोर जरूर घ्यावी. ज्याची गाडी कल्याण ते ठाणे एवढीच धावणार, त्याने न वापरायच्या यंत्राचे वजन आणि किंमत वर्षानुवर्षे का वाहावी? कराचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जी.एस.टी. आहे, मोठ्या इंजिनच्या गाडीवर ४० टक्के. मागच्या चाकांवर चालणारी दीड लिटर डिझेल थार पहिल्या गटात येते. २.२ लिटर डिझेल आणि दोन लिटर पेट्रोल इंजिनाच्या थार दुसऱ्या गटात येतात.

डिझेल की पेट्रोल, हेही आपल्या वापरावर ठरवा. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालली तर ती जाळी तुंबते. मधूनमधून लांबचा प्रवास होत असेल तरच डिझेल घ्यावी.

आजीला मागे बसवून पाहा

शोरूममध्ये मुलगा पुढे बसतो, स्टिअरिंग धरतो आणि खूश होतो. आमचे सांगणे असे की आई, आजी आणि लहान मूल यांना बरोबर न्या. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचे तर पुढची सीट वाकवून चढावे लागते. गाडीचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे नऊ इंच उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही उंची त्रासाची ठरते. माणसे चारच बसतात. मागची सीट उभी असताना सामानाला जागा थोडी राहते. लग्नकार्याला सहाजण आणि दोन बॅगा घेऊन निघणाऱ्या घराला ही गाडी पुरत नाही. पाच दारांची रॉक्स त्या मानाने सोयीची आहे, पण तिची किंमतही जास्त आहे. जिमनीला पाच दारे असली तरी जागा चौघांचीच आहे, आणि ती फक्त पेट्रोलवर मिळते.

जुनी थार सेकंडहँड घेणाऱ्यांनी आडव्या बाकांची गाडी टाळावी, मुलांना अशा बाकावर सुरक्षित बसवता येत नाही. २०२० च्या थारला धडक चाचणीत मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी चार तारे मिळाले होते. रॉक्सला २०२४ मध्ये पाच तारे मिळाले. हे तारे पट्टा बांधणाऱ्यासाठी असतात, हे मुलांना घरीच शिकवावे. उंच गाडी वळणावर कलते, तेव्हा ती छोट्या मोटारीसारखी पळवू नये.

पाण्याबद्दल एक इशारा. ही थार ६५० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आतील पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. ते साचलेल्या पाण्याबद्दल आहे. फरशी पुलावरून वाहणारे पाणी त्याहून उथळ असले तरी गाडी लोटून देते. शिवाय इंजिनात पाणी शिरले तर त्यासाठी वेगळे विमा-संरक्षण घेतलेले नसल्यास भरपाई सहसा मिळत नाही.

हिशेब पूर्ण करा

आता पैशांकडे वळू. दहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,३५० रुपये बसतो. व्याज पावणेचार लाखांच्या घरात जाते. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २१,००० आणि व्याज दोन लाख साठ हजार. शोरूमचा माणूस फक्त लहान हप्ता सांगेल, एकूण फेड तुम्ही विचारा. त्यात रोड टॅक्स, विमा, डिझेल, सर्व्हिसिंग आणि रुंद टायरांचा खर्च मिळवा. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही. दोन ठिकाणी भाव विचारा. सीट कव्हर, पॉलिश वगैरे नको असलेल्या वस्तू बिलातून काढायला सांगण्यात लाज कसली?

आमच्याकडे आलेल्या मुलाचा बेत पर्यटकांना गडकिल्ल्यांवर नेण्याचा होता. त्याला आम्ही स्पष्ट सांगितले, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे मारणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. धंदा करायचा तर आधी आर.टी.ओ.त परवान्याची चौकशी करावी. तसेच बाहेरून मोठे टायर आणि लोखंडी बंपर लावण्याचा मोह टाळावा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे.

ताबा घेताना दिवसा जा, पासिंग होण्याआधी जा. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पाहा. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. टायर, स्टेपनी, काचा, सर्व दिवे तपासा. गाडीखाली वाकून तेल गळते का पाहा. नंबर पडल्यावर तक्रार करणे फार जड जाते.

त्या बापलेकांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. गाडी घेण्याआधी त्यांनी सहा महिने हप्त्याएवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकून पाहावी, असे आम्ही सुचवले होते. मुलाने ते मनावर घेतले. चार महिने पैसे पडले. एका महिन्यात आजीचे दवाखान्याचे बिल आले, एका महिन्यात धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी. ते दोन महिने खाते कोरडे राहिले. परवा मुलगा पुन्हा आला तेव्हा माहितीपत्रक हातात नव्हते, पासबुक होते. म्हणाला, ‘काका, आणखी वर्षभर टाकतो. मग कर्ज निम्मंच लागेल. बाबांच्या पैशांना हात लावायचा नाही.’ त्याचे वडील या वेळी दाराशीच उभे होते. शोरूममध्ये गाडीखाली वाकून स्प्रिंगा आपणच पाहणार, असे त्यांनी आम्हाला हसत सांगितले. तेवढा हक्क त्यांचा आहेच!