तापलेल्या तारेची साक्ष

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली, की अडत दुकानाच्या ओट्यावर एक लहानसे यंत्र मांडले जाते. पोत्यातून मूठभर दाणे काढून त्यात टाकायचे, क्षणभर थांबायचे, आणि पडद्यावर ‘मॉइश्चर’चा आकडा उमटायचा. आकडा बाराच्या आत आला तर शेतकऱ्याचा चेहरा खुलतो. सोळाच्या घरात गेला तर भाव खाली येतो. वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या दोन अंकांवर ठरतो. परंतु हे यंत्र पाणी मोजत नाही. ते मोजते दाण्यांचा विद्युत्-गुणधर्म आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधते. म्हणूनच आत कोणते धान्य टाकले आहे, हे त्याला आधी सांगावे लागते. हरभऱ्यासाठी लावलेल्या यंत्रात सोयाबीन टाकले तर आकडा येईलच, पण तो खरा असेल याची शाश्वती नाही.

मापन एका गोष्टीचे करावयाचे आणि त्यावरून अनुमान दुसऱ्या गोष्टीचे काढावयाचे, ही रीत केवळ मोंढ्यापुरती नाही. विज्ञानाच्या अत्यंत नाजूक कामांतही तीच चालते. त्याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे निर्वात पोकळीतील वायूचा दाब मोजणारी तापलेली तार. हा विषय बीडकरांपासून वाटतो तितका दूरचा नाही. परळीहून गंगाखेड-परभणीमार्गे औंढा नागनाथला जाणारा रस्ता परिचयाचा आहे. शिरडशहापूरच्या यात्रेमुळे हिंगोली जिल्हा अनेक जैन कुटुंबांच्या माहितीचा आहे. त्याच हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या तिच्या प्रमुख सहभागी संस्था आहेत.

या वेधशाळेचे स्वरूप परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे आहे. या भुजा म्हणजे पोलादी नळ्या असून त्यांतून लेसरचा झोत जातो. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. त्यांना जो फरक टिपावा लागतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असतो. नळीत हवेचे रेणू शिल्लक राहिले तर ते प्रकाशाला अडथळा करतात, आरशांवर आदळतात, आणि खरी लहर त्या गोंगाटात हरवते. त्यासाठी नळीतील दाब बाहेरील हवेच्या एका लाख कोटीव्या भागापर्यंत उतरवावा लागतो. अमेरिकेतील नळ्यांतील हवा काढण्यास ४० दिवस लागले होते. त्या काळात त्या १५० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून धातूत दडलेला वायूही बाहेर काढावा लागला. एवढा खटाटोप केल्यावर एक साधा प्रश्न उरतोच. नळी खरोखर रिकामी झाली, हे कशावरून समजावे?

हवेला वजन असते हे १६४३मध्ये टॉरिचेली याच्या पाऱ्याच्या नळीने दाखविले. समुद्रसपाटीवरील हवा ७६० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरते. पण हवा जसजशी विरळ होते तसतसा हा पारा खाली येतो, आणि हजाराव्या भागाच्या खाली तर तो डोळ्यांना दिसेनासा होतो. १८७४मध्ये मॅक्लिऑड याने यावर तोड काढली. विरळ वायू पाऱ्याने दाबून एका केशनळीत कोंडायचा आणि मग मोजायचा. पद्धत अचूक होती, पण संथ होती. प्रत्येक वेळी पारा वर चढवावा लागे, काच नाजूक असे, आणि दाब क्षणोक्षणी कसा बदलतो हे तिच्यातून कळत नसे.

कारखान्याला हा विलंब परवडत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या सीमेन्स अँड हाल्स्के या कंपनीत टँटलम धातूच्या तारेचे विजेचे दिवे तयार होत होते. दिव्यातील हवा पुरती काढली नाही तर तार लवकर जळते, म्हणून प्रत्येक दिव्यागणिक निर्वाताची परीक्षा हवी होती. तेथे काम करणाऱ्या मार्सेलो पिरानी या तरुण शास्त्रज्ञाने १९०६मध्ये उत्तर शोधले, आणि ते त्याला दिव्यातच सापडले. दिव्यातील तारच दाब सांगू शकते, हे त्याच्या ध्यानात आले.

त्यामागील तत्त्व घरोघरी असलेल्या थर्मासमध्ये आहे. थर्मासच्या दुहेरी भिंतींमधील हवा काढलेली असते. उष्णता वाहून नेणारे रेणू तेथे फारसे नसल्याने चहा तासन् तास गरम राहतो. पिरानीने हेच उलट्या बाजूने वापरले. कोठीशी जोडलेल्या लहान नळीत एक बारीक तार ताणून तिच्यातून वीज सोडायची. भोवती वायू भरपूर असेल तर रेणू तारेवर आदळून तिची उष्णता घेऊन जातात आणि तार निवते. वायू विरळ झाला की उष्णता नेणारे कमी होतात आणि तार अधिक तापते. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो; तो व्हीटस्टन ब्रिज नावाच्या जुन्या मंडलाने नेमका मोजता येतो. आजच्या बहुतेक उपकरणांत तारेचे तापमान स्थिर ठेवतात आणि त्यासाठी किती वीज खर्ची पडली, ते पाहतात. पद्धत कोणतीही असो, तार सांगते ती स्वतःची उष्णता किती गेली एवढेच. दाबाचा आकडा हे त्यावरून काढलेले अनुमान होय.

या अनुमानाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत. नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर कापत नाही. अशा गर्दीत रेणू कमी-अधिक झाले तरी उष्णतेच्या वहनात फरक पडत नाही. याउलट दाब हवेच्या दहा लाखाव्या भागावर आला की रेणू एकमेकांना न धडकता सहा-सात सेंटिमीटर जातो. त्याही खाली रेणू इतके थोडे होतात, की तारेची उष्णता मुख्यतः किरणांवाटे आणि तिच्या दोन टोकांवाटे जाते, वायूवाटे नव्हे. म्हणून हवेच्या सुमारे शंभराव्या भागापासून दहा लाखाव्या भागापर्यंत या तारेची साक्ष विश्वसनीय. त्यापलीकडे दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो.

खरी मेख मात्र वायूच्या जातीत आहे. प्रत्येक वायू उष्णता सारख्याच प्रमाणात नेत नाही. हायड्रोजन ती झपाट्याने नेतो, तर आर्गॉन या कामी मंद आहे. उपकरण मात्र सामान्यतः नायट्रोजन धरून आखलेले असते. त्यामुळे कोठीत हायड्रोजन असेल तर ते दाब वाढवून सांगते आणि आर्गॉन असेल तर कमी सांगते. तारेभोवती खेळणाऱ्या वायुप्रवाहाचाही उपयोग करून थेट हवेच्या दाबापर्यंत मोजणारा एक प्रचलित प्रकार आहे. कोठीत आर्गॉन भरून खरा दाब ७६० झाला, तरी त्याच्यावर जेमतेम २४चा आकडा दिसतो. कोठी अजून रिकामीच आहे असे समजून कामगाराने झडप उघडी ठेवली, तर आतील दाब बाहेरच्या हवेहून वाढत जातो आणि काचेची खिडकी फुटून जीवावर बेतू शकते. उत्पादक आपल्या पुस्तिकांत ही सूचना ठळकपणे छापतात. यंत्र बिघडलेले नसते, तारही खोटे बोललेली नसते. तिला विचारलेला प्रश्न मात्र चुकलेला असतो.

परंतु हाच दोष माहीत असेल तर तो उपयोगी पडतो. बीड जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाला बीसीजी किंवा गोवराची लस देताना परिचारिका कुपीतील कोरड्या पदार्थात द्रावक मिसळते. ती लस गोठवून, निर्वात कोठीत बर्फाची थेट वाफ करून वाळविलेली असते. पुण्यात १९६६पासून कार्यरत असलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने गोवराची लस जगभर पोहोचविली, तीही याच जातीची. यातील अडचण अशी, की वाळवण पूर्ण झाले हे बंद कोठीच्या बाहेरून कळावे कसे? घाई केली आणि कुपीत बर्फ उरला, तर पुढे तापविताना आतील वडी ढासळते आणि माल वाया जातो.

यासाठी कोठीला दोन दाबमापके लावण्याची पद्धत आहे. एक पातळ पडद्यावर पडणारा जोर प्रत्यक्ष मोजते. त्याला वायूच्या जातीशी कर्तव्य नसते. दुसरे पिरानीच्या तारेचे. कोठीत पाण्याची वाफ भरलेली असते तोवर तार खऱ्या दाबाच्या सुमारे दीडपटीहून अधिक आकडा दाखविते, कारण वाफ नायट्रोजनपेक्षा अधिक उष्णता नेते. बर्फ संपत आला की वाफ कमी होते, तारेचा आकडा उतरू लागतो आणि शेवटी दोन्ही आकडे जुळतात. ते जुळले म्हणजे बर्फ संपला. दोन वह्यांतील फरक कशाचा आहे हे ठाऊक असले, तर तो फरकच हिशेबाचे काम करतो, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

औंढ्यासारख्या वेधशाळेतही तारेची जागा ठरलेली असते. लाख कोटीव्या भागापर्यंत तिची दृष्टी पोहोचत नाही. तेथे वायूचे आयन करून मोजणारी उपकरणे लागतात. पण ती दाट वायूत सुरू केली तर खराब होतात. म्हणून अमेरिकेतील वेधशाळांत ही दोन्ही दाबमापके जोडीने बसविलेली आहेत. आरंभीचा मार्ग तार सांभाळते, आणि पुरेशी विरळता आल्याची साक्ष तिने दिल्यावर पुढचे काम दुसऱ्याकडे जाते. शिवाय पंपातील तेलाची वाफ तारेवर बसली तर तिचा आकडा सरकतो, म्हणून वजनकाट्याप्रमाणे तिचीही वेळोवेळी पडताळणी करावी लागते.

पिरानीला नाझी राजवटीत १९३६मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला जावे लागले. १९६८मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या नावाचे दाबमापक मात्र जगभरच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत आजही चालू आहे. शंभराहून अधिक वर्षे ते टिकले, त्याचे कारण ते निर्दोष आहे हे नव्हे. त्याचा दोष कोठे, किती आणि का, हे वापरणाऱ्यांनी नीट लिहून ठेवले आहे, म्हणून ते टिकले.

मोंढ्यातील जाणता अडत्या यंत्रावरचा आकडा वाचण्याआधी एक गोष्ट पाहून घेतो. यंत्र कोणत्या धान्यावर लावले आहे? समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो ते दाखवितो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो.