पदवीधर मुकादम

यवतमाळ जिल्ह्यात मानव संसाधन व्यवस्थापनाची पदवी घेणाऱ्या तरुणांपुढे हल्ली एक स्वप्न ठेवले जाते. कारखान्याच्या कचेरीत बसून माणसे निवडायची, त्यांचे गुण हेरायचे, त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था पाहायची. थोडक्यात, ज्या दारापुढे बाप हात जोडून उभा राहिला त्या दाराच्या आत मुलाने खुर्ची टाकायची. स्वप्न वाईट नाही. कापूस-सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते त्या घरांनी ते पाहावे, यात हसण्यासारखे तर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, जिल्ह्यात अशा खुर्च्या आहेत किती?

लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत, वणीच्या कोळसा खाणी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि हंगामापुरते चालणारे जिनिंग-प्रेसिंग, एवढ्यात मोठ्या रोजगाराची यादी संपत येते. म्हणून हा पदवीधर पुण्याची वाट धरतो आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना माणसे पुरवणाऱ्या एखाद्या एजन्सीत फोनपुढे बसतो. दिवसाकाठी ठरावीक फोन, महिन्याकाठी ठरावीक ‘जॉइनिंग’. फोन तो करतो पुसद, दिग्रस, उमरखेडच्या आयटीआय झालेल्या पोरांना. कारण त्यांची बोली त्याला येते आणि त्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसतो. एजन्सी त्याला पगार देते तो या विश्वासाचा, पदवीचा नव्हे.

ही भूमिका या जिल्ह्याला नवी नाही. याच भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मुकादमाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. तो उचल देतो, माणसे गोळा करतो, कारखान्याकडून कमिशन घेतो आणि माणूस पळाला तर त्याच्या घरापुढे उभा राहतो. मुंबईच्या गिरण्यांत त्यालाच जॉबर म्हणत. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणेही त्याच्याच हाती आणि दोन्हींसाठी दस्तुरी. ही लाचखोरी मोडण्यासाठी भरती जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये केली. १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि पुढे तेथून कामगार कल्याणाचे शिक्षण घेतलेली माणसे कारखान्यांत जाऊ लागली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. म्हणजे आज जो व्यवसाय ‘मानव संसाधन’ हे भारदस्त नाव मिरवतो, त्याच्या जन्मामागे मुकादमाला हटवण्याचा हेतू होता. त्याच व्यवसायाचा पदवीधर आज गळ्यात ओळखपत्र अडकवून मुकादमी करतो आहे. इतिहासाने उगवलेला सूड म्हणावा, तर तो मालकांवर उगवायला हवा होता!

दोष पोरांचा नाही. दोष या धंद्याच्या हिशेबात आहे. कायम नेमणूक करून दिली तर एजन्सीला साधारणतः वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढे कमिशन एकदाच मिळण्याची वहिवाट आहे. कंत्राटी माणूस पुरवला तर मिळकत दरमहा आणि दरडोई. माणूस कायम झाला की ती बंद. तेव्हा माणूस कायम न होण्यातच ज्याचे हित, त्याच्याकडे नेमणुकांचा कारभार सोपवायचा आणि वर त्यालाच रोजगारनिर्मिती म्हणायचे, हे अर्थशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात?

सरकारने तर स्वतःसाठीच ही सोय करून पाहिली. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने अतिकुशल ते अकुशल अशा चारही प्रकारची माणसे नऊ खासगी संस्थांमार्फत घेण्याचा मार्ग मोकळा केला. तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले ते त्याच वर्षी. आरक्षणाचे काय, हा प्रश्न विचारत पोरे रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी निर्णय मागे घ्यावा लागला. सत्ताधाऱ्यांनी खापर आधीच्या सरकारांवर फोडले. ते अगदीच निराधार नव्हते. ही वाट अनेकांनी मिळून पाडली आहे. आपल्याही कार्यकर्त्यांनी विजयाचे पेढे वाटले. पण शासननिर्णय रद्द झाला, कंत्राट रद्द झाले नाही. सरकारी कचेऱ्यांत संगणकापुढे आणि फाटकावर बाह्यस्रोताची माणसे आजही आहेतच.

‘निदान काहीतरी काम मिळते ना,’ हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो आणि भुकेल्यापुढे तो खोडून काढणे सोपे नाही. मात्र हे काम पोचवण्यासाठी मध्यस्थच हवा, हे कोणी ठरवले? १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे मालकांना बंधनकारक केले. तेथूनच माणसे घेण्याचे बंधन मात्र घातले नाही. दात नसलेला कायदा चावला नाही, याचे आश्चर्य कशाला? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करताना ती पळवाट जशीच्या तशी ठेवली गेली. जुन्या सेवायोजन कार्यालयांवर आता कौशल्य, रोजगार आणि उद्योजकता या तिन्ही शब्दांची पाटी आहे. तेथे मेळावे भरतात, आणि मेळाव्यातील टेबलांवर तीच एजन्सी पुन्हा भेटते.

पक्षाच्या जिल्हा शाखेने येथून काम सुरू करावे. मेळाव्यात टेबल मांडणाऱ्या प्रत्येकाने काम कायम की कंत्राटी, मूळ मालक कोण, हातात पडणारे वेतन किती आणि एजन्सीचे दरडोई शुल्क किती, हे मराठीत लिहून फलकावर लावावे, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येईल. मेळाव्यातून गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती टिकले, याची नोंद केंद्रानेच ठेवावी. मानव संसाधनाची पदवी असलेली शेकडो पोरे फोनवर बसण्याऐवजी ही नोंद ठेवण्यासाठी, तालुक्यातालुक्यात, सरकारी वेतनावर का नेमू नयेत?

आणि फोनवर बसलेल्या त्या पोरांना दलाल म्हणून हिणवणे आपल्या सभांतून बंद व्हावे. त्यांच्यातील अनेकांचे स्वतःचे नेमणूकपत्र अकरा महिन्यांचे असते. कोणत्या कारखान्यात किती माणसे कोणत्या दराने गेली, हा हिशेब संघटनेला आजवर मिळाला नाही. तो त्यांना तोंडपाठ आहे.