रोहित शर्माचा करार : कृतज्ञता की कसोटी?

जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या शिक्षकाला जून उजाडला की एकच घोर लागतो : यंदा पुन्हा नेमणूक मिळेल काय? गेल्या वर्षाच्या श्रमांची पुण्याई तेथे फारशी कामी येत नाही. म्हणूनच करार वाढविताना कोणता निकष लावावा, हा प्रश्न या भागातील वाचकांना परका वाटू नये. मग तो कोट्यधीश क्रिकेटपटूच्या संदर्भात का निघेना!

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २१ एप्रिल २०२५ रोजी ३४ खेळाडूंची करारयादी जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या मुदतीच्या त्या यादीत रोहित शर्मा ए-प्लस या सर्वोच्च श्रेणीत कायम राहिला. या श्रेणीचे मानधन वर्षाला ७ कोटी रुपये होते. त्याचे वय तेव्हा अडतीसच्या उंबरठ्यावर होते.

हा बहुमान रास्त होता काय? त्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हे. जून २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. ९ मार्च २०२५ रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याच्याच ७६ धावांनी विजयाचा पाया घातला. परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. विश्वचषक जिंकताच त्या प्रकारातून तो निवृत्त झाला होता. कसोटीत न्यूझीलंडने आपल्याला घरच्या मैदानांवर ३-० असे नमविले. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात तीन कसोटींत रोहितच्या अवघ्या ३१ धावा झाल्या आणि सिडनीच्या सामन्यातून त्याने स्वतःच माघार घेतली. म्हणजे एका प्रकारातून निवृत्त, दुसऱ्यात निष्प्रभ आणि तिसऱ्यात श्रेष्ठ. पुढे ७ मे रोजी त्याने कसोटीचाही निरोप घेतला. श्रेणी मात्र ढळली नाही.

याच यादीत आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरचे नाव नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्धच्या रणजी सामन्यात रोहितने ३ व २८ धावा काढल्या, तर शार्दूलने ५१ व ११९. एका सामन्यावरून कोणी थोर वा सामान्य ठरत नाही, हे मान्य. पण एकाला गतकीर्तीचा आधार आणि दुसऱ्याला केवळ चालू कामगिरीचे माप, असे दोन तराजू असतील तर ते उघड सांगावयास हवेत.

रोहितला करारच नको होता, असे कोणी म्हणणार नाही. कर्णधारपद गेल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सिडनीत नाबाद १२१ धावा काढून त्याने एकदिवसीय सामन्यांतील आपली योग्यता पुन्हा सिद्ध केली. आमचा आक्षेप श्रेणीला आहे. एकाच प्रकारात उरलेल्या खेळाडूला त्या प्रकाराच्या मापाने मानधन मिळावे, यात त्याचा अवमान कसला? कृतज्ञता व्यक्त करण्यास सत्कार आहेत, निवृत्तिवेतन आहे. करार हा पुढील कामाचा असतो. तो मागील कामाचे बक्षीस झाला की कसोटी संपते आणि मर्जी सुरू होते.

मर्जीचा जाच काय असतो, हे जूनची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला कोणी समजावून सांगावयास नको.